अठरा वर्षांची मावशी

४ मार्च

खारूताई,

आशीर्वाद शेवटी देते, आधी तक्रार ऐकून घे. तुझ्या ऑफिसने मला अठरा वर्षांची करून टाकलं आहे.

हसू नकोस. आमच्या इथल्या पोहण्याच्या तलावावर साठीच्या पुढच्यांसाठी पोहायला शिकवायचा वर्ग निघाला आहे. नाव द्यायला गेले, तर खिडकीतला माणूस म्हणाला, "कागदावर काही घेत नाही आजी, सगळं वेबसाइटवर." आजी! त्याच्या कानावर कायम पेन्सिल असते, म्हणून मी त्याचं नाव पेन्सिल ठेवून सूड उगवला. मग वाचनालयात गेले आणि तिथल्या कॉम्प्युटरवर ते पान उघडलं. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात तुझ्या कंपनीचं नाव दिसलं. ऊर भरून आला. नाव लिहिलं, फोन नंबर लिहिला, वयाच्या चौकटीत ६६ लिहिलं. पुढच्या चौकटीत गेले तर मागे वय १८! परत ६६ लिहिलं, परत १८. सहा वेळा झालं. वर लाल अक्षरात सूचना, की या वर्गासाठी तुमचं वय कमी आहे. माझ्या लग्नानंतर असं मला कोणी म्हटलेलं नाही. आणि 'नोंदणी करा' हे बटण करडं पडलेलं, दाबलं तरी ढिम्म.

३१ मार्चपर्यंत आठ नावं आली नाहीत तर हा वर्ग रद्द, आणि ती वेळ कायमची लहान मुलांना देऊन टाकणार आहेत. म्हणून ही घाई.

तू म्हणशील, मावशीला हे कुठलं खूळ? अगं, एकतीस वर्षं लाँड्रीत काढली. हात कोपरापर्यंत पाण्यात, पण पाय कधी नाही. भिजलेली चादर किती जड असते ते मला विचार. जन्मभर ओलं ते मी उचललं, आता एकदा पाण्याने मला उचलून धरावं, एवढंच मनात आहे.

हे फोनवर सांगता येत नाही. तुझ्या काकांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून त्यांच्या कानांना काम उरलेलं नाही, माझं सगळं बोलणं ऐकतात. ते "या वयात?" म्हणतील, आणि त्यांनी तसं म्हटलं की माझं पाऊल अडेल. म्हणून पत्र. उत्तर वाचनालयाच्या पत्त्यावर पाठव, तिथल्या बाई जपून ठेवतील.

अनेक आशीर्वाद.

तुझी मावशी

*

७ मार्च

प्रिय मावशी,

ऑफिसात जेवायच्या सुट्टीत तुझं पत्र वाचलं आणि इतकी हसले की शेजारचीने पाण्याचा ग्लास पुढे केला. तू पोहायला शिकणार! काकांना माझ्याकडून काही कळणार नाही.

पण तक्रारीचं मात्र मला पटत नाही, आणि का ते सांगते. मी वेबसाइट बनवत नाही, बनवलेली तपासते. तेही हाताने नाही. मी सूचना लिहून ठेवते, आणि त्याबरहुकूम ब्राउझर आपला आपण उघडतो, चौकटी भरतो, बटणं दाबतो. समोर कोणी बसलेलंही नसतं. पानावरच्या प्रत्येक चौकटीला, प्रत्येक बटणाला मागे एक लेबल असतं. त्यावर लिहिलेल्या एकेका गोष्टीला ॲट्रिब्यूट म्हणतात. ही चौकट आकड्यांची, हिच्यात सुरुवातीला अमुक लिहिलेलं, हे बटण बंद, असं. माझ्या त्या सूचनांची यादी, म्हणजे टेस्ट, ते वाचते. बरोबर असेल तर हिरवी खूण, नसेल तर लाल.

या ॲट्रिब्यूटच्या गमती तुला सांगायलाच हव्यात. बटण बंद ठेवायचं असलं की लेबलवर 'बंद' असा शब्द टाकतात. आमचा दाढीवाला पानं बांधतो. त्याला परवा एक बटण उघडायचं होतं, म्हणून त्याने लिहिलं, 'बंद = नाही'. बटण उघडेना. बिचाऱ्याचा तास गेला. कारण ब्राउझर पुढचं वाचतच नाही, 'बंद' हा शब्द दिसला की बटण बंद!

तर तुझ्या वयाच्या चौकटीची टेस्ट मी स्वतः लिहिली आहे. दिवसातून तीनदा चालते, आणि आज सकाळीही हिरवीगार होती. तेव्हा तूच काहीतरी भलतं दाबते आहेस. चष्मा लावून सावकाश बस. एकेक चौकट भर, घाई करू नकोस. होईल.

तुझी
खारूताई

*

११ मार्च

खारूताई,

चष्मा लावला. पुसूनही घेतला. सावकाश बसले, इतकी सावकाश की वाचनालयाच्या बाईंना वाटलं मला डुलकी लागली. वय अठरा.

मग बाईंनी स्वतःचं वय लिहून पाहिलं. त्या अठ्ठावन्नच्या. त्याही अठरा. आम्ही दोघी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला एकत्र बसल्यासारख्या त्या पडद्याकडे बघत राहिलो. आता दोघींचेही चष्मे खोटे का?

तलावावरही जाऊन आले. पेन्सिल म्हणाला, तरुणांच्या वर्गाला चाळीस नावं आली आहेत आणि गंमत म्हणजे सगळेच्या सगळे अठरा वर्षांचे. त्याला यात काही वावगं वाटलं नाही, उलट कौतुक वाटलं. मी विचारलं, "आणि आमच्या वर्गाला?" तर म्हणाला, "एकही नाही. साहेब म्हणाले, म्हाताऱ्यांना पोहण्याची हौसच नसते." माझ्या डोक्यात तिडीक गेली.

तुझं ते बटणाचं मात्र लगेच समजलं. तुझे काका "मी रागावलो नाही" म्हणाले की मीही पुढचं वाचत नाही. 'रागावलो' हा शब्द आला ना, मग रागावलेत.

आता माझं ऐक. तुमचं लेबल म्हणजे आमची चिठ्ठी. कपडा आला की काउंटरवर चिठ्ठी लिहायची, पांढरा सदरा, डाग नाही, बटणं सात, आणि सदऱ्याला टाचून आत पाठवायची. आमच्याकडे एकदा नवा कारकून आला होता, फार हुशार. धुऊन आलेले गठ्ठे तपासायचं काम त्याचं. एक दिवस पांढऱ्या सदऱ्यांत लाल पडदा गेला आणि बावीस सदरे गुलाबी होऊन बाहेर आले. या पठ्ठ्याने बावीसच्या बावीस पास केले. का, तर चिठ्ठीवर 'पांढरा' लिहिलं होतं. मी म्हटलं, अरे बाबा, चिठ्ठी सदरा आत येताना लिहिलेली. आत त्याचं काय झालं ते चिठ्ठीला कोण सांगणार? सदरा उलगडून बघ ना.

तुझी ती टेस्ट चिठ्ठी वाचते, की सदरा बघते? एवढं मला कळव. वीस दिवस राहिलेत.

मावशी

*

१२ मार्च

चि. खारूताई,

हे पत्र तुझ्या मावशीला कळता कामा नये. उत्तर आमच्या खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे पाठव.

गेले आठ दिवस तुझी मावशी दुपारी बाथरूममध्ये जाते, टबात पाणी भरते आणि त्यात तोंड बुडवून बुडबुडे काढते. दाराच्या फटीतून मी डोळ्यांनी पाहिलं. घड्याळ लावलं तर बावीस सेकंद भरले. काल सव्वीस. प्रगती आहे, पण कशाची? विचारलं तर म्हणाली, "चेहऱ्याला बरं असतं." शिवाय मी झोपलो असं समजून पलंगावर पालथी पडते आणि पाय झाडते. वाचनालयात तर रोज जाते, येताना पुस्तक एकही नसतं.

काही दुखणं आहे का तिला? माझ्यापासून लपवते आहे का? मी तसा भित्रा नाही, पण तिच्या बाबतीत आहे. तुला काही माहीत असलं तर सांग. मला रात्रीची झोप लागत नाही, आणि दिवसा झोपल्याचं सोंग करावं लागतं.

काका

*

१५ मार्च

ती. काका,

मावशी ठणठणीत आहे. हे मी नुसतं धीर द्यायला म्हणत नाही, मला पक्कं माहीत आहे. दुखणं नाही, लपवण्यासारखं वाईट काही नाही. याहून जास्त विचारू नका, मी शब्द दिला आहे.

सव्वीस सेकंद म्हणजे उत्तम वेळ आहे. तुम्ही फक्त झोपेचं सोंग नीट वठवा.

तुमची
खारूताई

*

१६ मार्च

मावशी,

तुझा तो कारकून मीच.

तुझं पत्र वाचून मी जेवण अर्धं टाकून उठले. आता सगळं खरं सांगते. जानेवारीत ती टेस्ट लिहिली तेव्हा मीही चौकटीत ६६ टाकत होते आणि मग काय दिसतं ते वाचत होते. टेस्ट लाल यायची. वाचलं की १८. पण पान तेव्हा चांगलं चालत होतं, मी हाताने भरून पाहिलं होतं. चूक माझ्या वाचण्यात होती. मी लेबल वाचत होते, आणि दाढीवाल्याने लेबलवर सुरुवातीचा आकडा म्हणून १८ लिहिलेला. चौकटीत तू काहीही लिही, लेबलवरचा अठरा जागचा हलत नाही. चौकटीत आत्ता काय आहे हे विचारायची रीत वेगळी, ती मला ठाऊक नव्हती. आणि संध्याकाळपर्यंत काम द्यायचं होतं.

मग मी काय केलं? टेस्टमध्येही ६६ काढून १८ टाकलं. टाकलं अठरा, लेबलवर अठरा, जुळलं. हिरवी खूण. कोणाला बोलले नाही. फेब्रुवारीत दाढीवाल्याने पानात काही बदललं आणि चौकट खरोखरच दर वेळी अठरावर जाऊन बसायला लागली. माझी टेस्ट दिवसातून तीनदा चिठ्ठी वाचून 'पांढरा, पांढरा' म्हणत राहिली. आणि मी तुला चष्मा लावायला सांगितलं. मला फार लाज वाटते आहे.

काल सदरा उलगडून पाहिला. ६६ टाकलं, पुढच्या चौकटीत गेले, आणि चौकटीत आत्ता काय आहे ते विचारलं. लाल! लाल खूण बघून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

आता पेच असा. मी नोकरीत अजून कायम झालेली नाही, ते एप्रिलमध्ये ठरणार. ऑफिसातल्या मोठ्या बाईंना, म्हणजे माझ्या वरिष्ठांना, हे कळलं तर काय होईल सांगता येत नाही. पण दाढीवाल्याला हळूच सांगितलं तर तो हळूच दुरुस्त करेल. तुझं नाव लागेल, माझीही अब्रू राहील. तसं करू का?

खारूताई

*

१९ मार्च

खारूताई,

हळूच दुरुस्त झालं तर माझं एक नाव लागेल. एका नावाने वर्ग चालत नाही, आठ लागतात. बाकीचे सात घरी बसलेत, आपल्यालाच हे यंत्र जमत नाही असं समजून. त्यांना परत या म्हणून कोण सांगणार? हळूच केलेल्या गोष्टीचा पुकारा कसा करणार तू?

हे मी पोहायच्या लोभाने लिहिते आहे असं तुला वाटेल. थोडं तसंही आहे. पण थोडंच.

त्या बावीस गुलाबी सदऱ्यांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पडदा त्यात मी टाकला होता. कारकुनाने पास केले होते, मी गप्प बसले असते तर सगळं त्याच्यावर शेकलं असतं. मी मालकाला सांगितलं, आणि बावीस गिऱ्हाइकांना स्वतः तोंड दिलं. त्यातले बरेच ओरडले, एकाने तर सदरा अंगावर फेकला. नोकरी राहिली. तुझी राहीलच असं मी म्हणत नाही, मला काय ठाऊक. पण गेली तर इकडे ये, भाकरीला तोटा नाही.

बारा दिवस राहिलेत. माझ्यासाठी भीत भीत का होईना, पण सांग.

मावशी

*

२५ मार्च

मावशी,

सांगितलं.

शुक्रवारी सकाळी मोठ्या बाईंच्या दारात उभी राहिले, तर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "माझी मावशी अठरा वर्षांची नाही." त्यांना वाटलं मला रजा हवी आहे. मग सगळं ओळीने सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "अशा जुळवून घेतलेल्या आणखी किती आहेत, दाखव." तीन निघाल्या. प्रत्येक निघाली की त्या फक्त "हं" म्हणायच्या. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं.

दाढीवाल्याने दोन दिवसांत पान दुरुस्त केलं. माझी टेस्ट आता ६१, ६६, ७९ अशी वयं टाकते आणि लेबल न वाचता चौकटीतलं वाचते. मुदतही तलावाच्या साहेबांनी आठ दिवसांनी वाढवली, मोठ्या बाई स्वतः त्यांच्याशी बोलल्या.

आणि मावशी, ऐक. अर्धवट टाकलेले अर्ज आमच्याकडे साठलेले असतात. तुमच्या वर्गासाठी त्रेचाळीस जणांनी प्रयत्न करून सोडून दिला होता. कोणी एकदा, कोणी चारदा, एकाने अकरा वेळा. तक्रार फक्त तू केलीस. एकोणतीस जणांनी फोन नंबर आधीच भरला होता. मोठ्या बाई म्हणाल्या, चूक तुझी, फोनही तूच करायचे. दोन दिवस तेच करते आहे. प्रत्येकाला सांगते, "तुमचं काही चुकलं नव्हतं, आमचं चुकलं होतं." एक आजोबा म्हणाले, "नक्की ना? मी घरी सांगून टाकलं होतं, माझं डोकं आता चालत नाही म्हणून." त्यांच्यानंतरच्या प्रत्येकाला मी ते वाक्य दोनदा सांगितलं.

मला कायम करायचं तीन महिने पुढे ढकललं आहे. रडले थोडी. पण काढलेलं नाही.

आता ऊठ आणि वाचनालयात जा.

खारूताई

*

२८ मार्च

खारूताई,

गेले. ६६ लिहिलं. पुढच्या चौकटीत गेले आणि हळूच मान वळवून पाहिलं. सहासष्ट! या आकड्याकडे इतक्या प्रेमाने मी वाढदिवसालाही पाहिलं नव्हतं. 'नोंदणी करा' निळं झालं, दाबलं, झालं. वाचनालयाच्या बाईंनी टाळी दिली. त्या बिचाऱ्या अठ्ठावन्नच्या, त्यांना अजून दोन वर्षं थांबावं लागणार, याचं आम्हा दोघींनाही वाईट वाटलं.

तलावावर पेन्सिल भेटला. म्हणाला, "आजी, एकवीस नावं आली! साहेब दोन तुकड्या करतायत, पहिली मुदतीची वाट न बघता लगेच सुरू." मी म्हटलं, "म्हाताऱ्यांना हौस नसते ना?" त्याने पेन्सिल कानावरून काढून दुसऱ्या कानावर ठेवली.

अर्जात विचारलं होतं, काही झालं तर कोणाला कळवायचं. मी तुझं नाव टाकलं आहे. तुझ्या काकांना अजून सुगावा नाही. दुपारी गाढ झोपतात हल्ली, घोरतातसुद्धा.

मावशी

*

१० एप्रिल

खारूताई,

आज तिसरा तास झाला. पहिल्या दोन तासांचं तुला लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं नव्हतं. कठड्याला पालीसारखी चिकटून होते. पाणी छातीपर्यंतच, पाय टेकत होते, तरी हात सुटेना. घरच्या टबाची आणि या पाण्याची काही ओळखच नाही. शिकवणारी मुलगी फार चांगली, पण ती "सैल सोडा" म्हणाली की मी आणखी आवळून घ्यायची. काल तर ठरवलं होतं की जायचं नाही. मग तुझे ते एकोणतीस फोन आठवले, आणि म्हटलं, तू एवढं केलंस आणि मी कठडा सोडू शकत नाही?

आज तिने मला उताणं धरलं. पाठीखाली तिचे दोन हात. मी वर छताकडे बघत होते. ती म्हणाली, "मी कधीच हात काढले." मला खरं वाटेना. कानात पाणी, बाहेरचा आवाज बंद, आणि मी आडवी, कशावरच नाही. खारूताई, त्याने मला उचललं गं. मी किती जड आहे हे त्याच्या लक्षातही आलं नाही. चांगलं मिनिटभर तरी राहिले असेन. मग आनंदाने ओरडायला गेले आणि नाकातोंडात पाणी जाऊन ठसका लागला.

मला फार फार बरं वाटतं आहे. कोणाला तरी सांगायला हवं म्हणून तुला सांगते.

मावशी

*

१३ एप्रिल

चि. खारूताई,

तुझ्या शब्दावर मी विश्वास ठेवला होता, पण तीन दिवसांपूर्वी तुझी मावशी पिशवीत टॉवेल घालून निघाली आणि मला राहवलं नाही. दवाखान्यात भरती व्हायला चालली असंच मनात आलं. मागे मागे गेलो. ती तलावात शिरली. मी वर बघणाऱ्यांसाठी बाक आहेत तिथे, खांबाच्या आड बसलो.

ती रबरी टोपी घालून पाण्यात उतरली. मग ती शिकवणारी मुलगी तिला आडवी धरून उभी राहिली आणि तिने हात काढून घेतले. मी उठून उभाच राहिलो. तुझी मावशी बुडाली नाही. पाण्यावर पडून राहिली, शांत, चेहऱ्यावर कसलंही ओझं नसलेली. तसा तिचा चेहरा मी लग्नापासून पाहिलेला नाही. घड्याळ लावलं होतं. अकरा सेकंद. तिला ती वेळ मोठी वाटली असेल तर तू दुरुस्त करू नकोस.

मला का नाही सांगितलं याचा आधी राग आला. घरी येताना चालत आलो आणि वाटेत कळलं की मी "या वयात?" म्हटलंच असतं. तोंडावर आलेलं होतं. सांगितलं नाही तेच तिने बरं केलं.

आता माझं ऐक. मला पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून, गुडघ्याएवढ्या पाण्याचीही. हे तिला आजवर सांगितलेलं नाही. पण ती तिथे जाऊन हे करून आली आणि मी दुपारभर घोरण्याचं नाटक करत पडायचं, हे मला जमणार नाही. काल वाचनालयात गेलो. बाईंनी आधीचा अठराचा घोळ सांगितला, मदत करते म्हणाल्या, नको म्हटलं. वय ६९ लिहिलं, ते तसंच राहिलं. दुसऱ्या तुकडीत एक माणूस गळला होता, ती जागा मला मिळाली.

सोमवारी माझा पहिला तास. तिची तुकडी सुटते तेव्हा माझी सुरू होते. कपडे बदलायच्या खोल्यांबाहेर एकच बाक आहे आणि तिला त्याच्यासमोरूनच जावं लागतं. मी टोपी घालून त्या बाकावर बसणार आहे. काय म्हणायचं ते ठरवलेलं नाही. ती बाहेर येईल, मला बघेल, आणि मग जे काय बोलायचं ते तिने बोलावं. मी हसणार नाही, आणि तिने मला हसू नये एवढीच इच्छा आहे.

काका